सात मैलांचा पूल आणि सात डॉलरचा टोल

ज्या टोलच्या नावाखाली मला फसवलं, तो टोल माझ्याकडे खरंच बाकी होता. मी त्या रस्त्यावरून गाडी नेली होती, पैसे भरले नव्हते आणि दोन दिवस ती गोष्ट मनात टोचत होती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ज्याला ज्याला हा प्रकार सांगितला तो प्रत्येक जण एकच म्हणाला, "असल्या मेसेजवर क्लिक कोण करतं गं?" मी करते. आणि मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते.

पुण्याहून न्यू जर्सीत, एडिसनला येऊन मला आठ महिने झाले होते. फेब्रुवारी २०२५. दाराबाहेर बर्फ, आत हीटरची घरघर. शुक्रवार-सोमवार सुट्टी टाकली आणि एकटीच मायामीला गेले. तिथून गाडी भाड्याने घेऊन फ्लोरिडा कीज. 'की' म्हणजे छोटं बेट, स्पॅनिश 'कायो'वरून आलेला शब्द. आईला फोनवर "मी की वेस्टला चाललेय" म्हटलं तर ती म्हणाली, "चाललेयस की वेस्टला, की नाही चाललेयस?" असो.

रस्ता काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मायामीच्या दक्षिणेला फ्लोरिडा सिटी नावाचं गाव आहे. तिथून पुढचा मुख्य रस्ता म्हणजे ओव्हरसीज हायवे. ११३ मैल, ४२ पूल, एका बेटावरून दुसऱ्यावर उड्या मारत शेवटी की वेस्टला समुद्रात संपणारा. या हायवेला टोल नाही. पण मायामीहून फ्लोरिडा सिटीपर्यंत नेणारा टर्नपाइक नावाचा मोठा रस्ता आहे, त्याला आहे. आणि २०११ पासून त्या पट्ट्यात रोख पैसे घेणारा माणूसच नाही. वर कमानीवर कॅमेरे. गाडीला सनपासचं यंत्र असेल तर त्यातून पैसे कापले जातात, नसेल तर नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि गाडीच्या मालकाला बिल जातं. आपल्या फास्टॅगसारखंच, फक्त मध्ये नाका नाही, रांग नाही, खारे शेंगदाणे विकणारा पोऱ्या नाही.

गाडीच्या काउंटरवरची बाई म्हणाली, दिवसाला १४ डॉलर भर, टोलची काळजी आमच्यावर सोड. चार दिवसांचे ५६. मी हिशेब केला, जाताना एकदा, येताना एकदा, कशाला छप्पन्न? नको म्हटलं. ती गोड हसून म्हणाली, "मग बिल आलं की दंडासकट येईल बरं का." बाकी काही नाही, पण तो 'दंडासकट' शब्द माझ्याबरोबर गाडीत येऊन बसला.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, पुढे कामाला येईल. गाडी मी डेबिट कार्डवर घेतली. अमेरिकेत नवीन आलेल्याला क्रेडिट कार्ड मिळतं ते पाचशे डॉलरच्या मर्यादेचं, त्यावर गाडीची अनामतही मावत नाही. त्यामुळे पगार ज्या खात्यात येतो त्याच खात्याचं कार्ड मी सगळीकडे पुढे करत होते.

पहिला दिवस सुंदर गेला. इथे पत्ते मैलाच्या दगडांवरून सांगतात: अमुक हॉटेल दगड ८२, समुद्राच्या बाजूला, तमुक दगड १००, खाडीच्या बाजूला. आकडे उतरत जातात आणि की वेस्टला शून्य येतो. ८२ च्या जवळ, आयलामोराडाला, १९३५ च्या चक्रीवादळाचं स्मारक आहे. हेन्री फ्लॅग्लर नावाच्या धनाढ्य माणसाने समुद्रावरून की वेस्टपर्यंत रेल्वे नेली होती, १९१२ साली पहिली गाडी पोचली. वादळात ती रेल्वे उद्ध्वस्त झाली. लोकांना सोडवायला मायामीहून पाठवलेली गाडी उशिरा पोचली आणि लाटेने तिचे डबे रुळांवरून उचलून फेकले, उभं राहिलं ते फक्त इंजिन. उरलेल्या पुलांवरून नंतर रस्ता केला, तो १९३८ ला सुरू झाला. मी त्या स्मारकापाशी बराच वेळ बसले. बाजूला हायवेवरून बोटी ओढणारे ट्रक जात होते.

मुक्काम मॅरेथॉनला, बेटांच्या साखळीच्या मध्यावर. की वेस्टची भाडी परवडणारी नव्हती. मोटेल चालवणारे काका गुजराती निघाले, आणंदचे. मी पुण्याची म्हटल्यावर चहा आला, आलं घातलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेव्हन माइल ब्रिज. दोन्ही बाजूंना हिरवं-निळं पाणी आणि उजवीकडे जुना रेल्वेचा पूल, तुटका. त्या तुटक्या पुलावर काँक्रीटच्या फटीत एक झाड उगवलंय, लोक त्याला फ्रेड म्हणतात आणि नाताळात दिव्यांच्या माळा घालतात. मी पुलापलीकडे गाडी लावून फ्रेडचा फोटो आईला पाठवत होते, तेवढ्यात मेसेज आला.

सनपासच्या नावाने. तुमचा ६ डॉलर ९९ सेंटचा टोल थकला आहे. आज भरला नाही तर ५० डॉलर दंड आणि लायसन्सवर नोंद. खाली लिंक. त्याखाली आणखी एक ओळ: लिंक उघडत नसेल तर 'वाय' असं उत्तर पाठवा आणि मेसेज पुन्हा उघडा.

आता बघा. नंबर अमेरिकेचा नव्हता, सुरुवातीला अधिक ६३ होतं. तो फिलिपिन्सचा कोड. लिंकमध्ये सनपास शब्द होता, पण शेवट 'डॉट टॉप' असा कसला तरी. आणि ते 'वाय पाठवा' कशासाठी? आयफोन अनोळखी नंबरवरून आलेली लिंक दाबूच देत नाही. तुम्ही उत्तर दिलंत की फोनला वाटतं ओळखीचा माणूस आहे, आणि कुलूप उघडतं. म्हणजे कडी त्यांनी माझ्याच हाताने काढून घेतली. ऑफिसात हे तिन्ही दोष मी दहा सेकंदांत पकडले असते. पण काल टर्नपाइकवरून गेले होते ना! 'दंडासकट' म्हणाली होती ना ती!

पान उघडलं ते हुबेहूब. वर लोगो, खाली गोपनीयतेचं धोरणसुद्धा. नंबरप्लेट विचारलीच नाही, हे मला तेव्हा सोयीचं वाटलं. नाव, पत्ता, कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे. मग चाक फिरत राहिलं. बँकेचा सहा आकडी कोड आला, कीबोर्डच्या वर आपोआप दिसला, मी बोट लावलं, तो चौकटीत गेला. 'कोड चुकला, पुन्हा प्रयत्न करा.' दुसरा कोड आला, पुन्हा बोट लावलं. 'धन्यवाद.' समुद्रावर एक पेलिकन सूर मारत होता. मला हलकं वाटलं, खरंच हलकं वाटलं.

की वेस्टला पोचले, रस्त्यात कोंबडे-कोंबड्या फिरतात ते पाहिलं, क्यूबा ९० मैल असं लिहिलेल्या रंगीत खांबापाशी रांगेत उभी राहिले. संध्याकाळी सूर्यास्त बघायला मॅलरी स्क्वेअरला सगळं गाव जमतं, तिथे पार्किंगच्या यंत्रात कार्ड घातलं. नाकारलं. पुन्हा घातलं. नाकारलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न नाही वाजवला, नुसता वाट बघत राहिला. ते जास्त लागलं.

बँकेचं ॲप उघडलं. खात्यात ३१ डॉलर. दुपारी दोन व्यवहार, दुसऱ्याच राज्यातल्या एका मोठ्या दुकानात, ९०० आणि १,०४० डॉलर. पाच दिवसांनी घरभाडं जायचं होतं.

कार्ड माझ्या पाकिटात, मी फ्लोरिडात, मग दुकानात कार्ड कोणी लावलं? हे मला रात्री कळलं, जेव्हा बँकेचे ते दोन मेसेज पहिल्यांदा पूर्ण वाचले. त्यात लिहिलं होतं: तुमचं कार्ड नवीन मोबाइल वॉलेटमध्ये जोडण्यासाठी हा कोड वापरा, कोणालाही सांगू नका. तो टोल भरायचा कोड नव्हताच. पलीकडे बसलेल्याने माझं कार्ड त्याच्या फोनमध्ये घातलं आणि खात्री पटवायचा कोड मी पुरवला. मग फोन दुकानातल्या यंत्रावर टेकवला की झालं, सही नाही, पिन नाही. सहा डॉलर नव्याण्णव सेंट तर त्यांनी कापलेही नाहीत. मी फक्त आकडे पाहिले, आकड्यांच्या आजूबाजूचं वाक्य नाही, कारण कीबोर्डने ते दाखवलंच नाही.

बँकेच्या फ्रॉड विभागाला तिथूनच फोन लावला. पन्नास मिनिटं होल्डवर. मागे लोक सूर्यास्ताला टाळ्या वाजवत होते. कार्ड बंद झालं, तक्रार नोंदली गेली. फोनवरचा मुलगा म्हणाला, "पण मॅडम, कोड तर तुम्हीच दिलात." तिथे माझा आवाज फुटला.

परत मॅरेथॉनला गाडी चालवत आले. टाकीत पेट्रोल अर्धं होतं म्हणून बरं. बिग पाइन कीवर रात्री वेगमर्यादा ताशी ३५ मैल असते, तिथल्या बुटक्या हरणांसाठी; ती आपल्या भेकराएवढी असतील आणि जगात दुसरीकडे कुठे उरलेली नाहीत. एक रस्त्याच्या कडेला उभं होतं. मी थांबले आणि पाच मिनिटं स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. ते गवत खात राहिलं.

मोटेलच्या काकांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. मेसेज दाखवला तर त्यांनी आपला फोन पुढे केला. तोच मजकूर, चार वेळा. "बेटा, मेरी गाड़ी तो दो महीने से यहीं खड़ी है. मुझे भी टोल लगा," ते म्हणाले. मग जे म्हणाले ते माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं: भाड्याची गाडी, तिची नंबरप्लेट कंपनीच्या नावावर, बिल जाणार ते कंपनीला. टोलवाल्यांकडे तुझा नंबर आला कुठून? खरंच, कुठून? कुठूनच नाही. त्यांनी हजारो नंबरांवर जाळं टाकलं आणि टोल मनात असलेली मी अडकले. एफबीआयने अशा टोलच्या मेसेजांबद्दल एप्रिल २०२४ मध्येच इशारा दिला होता, हे मला नंतर कळलं. काकांनी परतीच्या पेट्रोलसाठी ४० डॉलर दिले. घरी जाऊन पाठव म्हणाले.

पैशाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. इथल्या कायद्याप्रमाणे डेबिट कार्डचा गैरवापर कळल्यापासून कामाच्या दोन दिवसांत बँकेला कळवलं तर आपली जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर. उशीर केला तर ५०० पर्यंत जाते, आणि खात्याचं विवरण आल्यावर ६० दिवस गप्प बसलं तर त्यानंतर गेलेल्या पैशाला मर्यादाच राहत नाही. क्रेडिट कार्डावर मुळात ५० च्या वर जबाबदारी नाही, शिवाय तिथे जातो तो बँकेचा पैसा, घरभाड्याचा नव्हे. बँकेने आधी 'तुम्हीच कोड दिला' म्हणून हात झटकले. मी लेखी उत्तर पाठवलं: फसवून काढून घेतलेला कोड म्हणजे मी दिलेली परवानगी नव्हे. त्याला जोडून मेसेजचे फोटो, वेळा, मी तेव्हा कुठे होते त्याचा पुरावा. फ्रेडच्या फोटोवर वेळ होती, तोही जोडला. सात आठवड्यांनी पैसे परत आले. त्या महिन्याचं भाडं मैत्रिणीने भरलं होतं. मेसेज ७७२६ या नंबरवर पुढे पाठवला, तिथे मोबाइल कंपन्या असले मेसेज गोळा करतात, आणि एफबीआयच्या संकेतस्थळावर तक्रार केली. त्यातून कोणी पकडलं गेल्याचं मला तरी कोणी कळवलेलं नाही.

आईला महिनाभर सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बाबांना व्हॉट्सॲपवर आरटीओचं चलान आलं होतं, फाइलच्या शेवटी 'एपीके' होतं, म्हणजे ती उघडली की फोनमध्ये ॲप शिरतं, शेजारच्या मुलाने ती उघडू दिली नाही. बाबांनी त्याच आठवड्यात सिग्नल तोडला होता.

खरा टोल? तो आला एप्रिलमध्ये. गाडीच्या कंपनीने माझ्या जुन्या कार्डावर पैसे मागितले, कार्ड बंद, मग ईमेल पाठवला: तुमचा टोल बाकी आहे, इथे भरा. मी तो वाचताक्षणी उडवला. दुसरा आला, तोही उडवला, शिवाय स्पॅममध्ये टाकला. मग कागदी पत्र आलं. फोन करून, पावतीवरचा नंबर ताडून, दोनदा विचारून खात्री केली. टोल सात डॉलर वीस सेंट. सेवाशुल्क वेगळं. उशिराचा दंड पंचवीस.