मुलांना लेखनाचे टप्पे शिकवायचे तर: नमुना, कार्यशाळा की फळ्यावरचा खर्डा?

सातवी ते नववीला मराठी शिकवायला नव्याने लागलेले शिक्षक मला हमखास एक प्रश्न विचारतात: निबंध ‘द्यायचा’ कसा ते कळतं, पण लिहायला शिकवायचं कुठून सुरू करायचं? आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. बघता बघता घटक चाचणी येते, मग पोळा. तेव्हा सुरुवातीलाच एक वाट धरावी लागते. मी तिन्ही वाटांनी वर्ग नेऊन पाहिला आहे, म्हणून त्या शेजारी शेजारी ठेवते.

पहिली वाट नमुन्याची. चांगला निबंध वाचून दाखवायचा, त्याचे मुद्दे काढायचे आणि तसाच लिहायला सांगायचा. दोन तासांत काम होतं, वह्या तपासणंही सोपं जातं. पत्र, बातमी आणि जाहिरात यांच्यासाठी मी आजही हीच वाट धरते, कारण तिथे साचा माहीत असावाच लागतो. दहावीच्या 80 गुणांच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत. मायना कुठे आणि विषय कुठे लिहायचा, हे मुलाने स्वतः शोधून काढावं अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे.

पण अनुभव लिहायचा झाला की नमुना कमी पडतो. एका वर्षी मी मारबतीवर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, निबंध दिला. पन्नासेक वह्या आल्या आणि बहुतेकांची सुरुवात ‘आपला भारत देश हा सणांचा देश आहे’ अशी. काळी मारबत 1881 ची, पिवळी 1885 ची, ही सालं सगळ्यांची बरोबर. माझ्या वर्गातली निम्मी मुलं नागपूरच्या महाल-इतवारी भागातली. मिरवणूक त्यांच्या घराजवळून जाते, तरी ती मिरवणूक एकाही वहीत नव्हती. नमुन्यात खाडाखोड दिसत नाही, त्यामुळे मुलांना वाटतं की चांगलं लिहिणाऱ्याला पहिल्याच फटक्यात सगळं सुचतं. आपल्याला सुचत नाही म्हणजे आपल्याला येत नाही, असं धरून मग ती गाईड उघडतात.

दुसरी वाट कार्यशाळेची. अमेरिकेत डोनाल्ड मरी आणि डोनाल्ड ग्रेव्ह्ज या लेखनशिक्षणाच्या अभ्यासकांनी 1970 आणि 80 च्या दशकांत ती रुजवली. विषय मुलाने निवडायचा, खर्डे करत जायचं आणि शिक्षकाने प्रत्येकाजवळ बसून त्याच्या लेखनाबद्दल बोलायचं. मला ही पद्धत मनापासून आवडते. अडचण हिशोबाची आहे. 55 मुलं, प्रत्येकाला 5 मिनिटं, म्हणजे 275 मिनिटं. 35 मिनिटांचे जवळपास आठ तास एका फेरीला लागतात, आणि तोवर पहिल्या बाकावरच्या मुलाचा उत्साह विरलेला असतो. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत ती मुलं फुलली. ज्यांना सुरुवातच सुचत नव्हती ती कोऱ्या पानासमोर बसून राहिली, आणि त्यांच्यापर्यंत मी वेळेत पोचू शकले नाही, याची मला आजही रुखरुख आहे. पंधरा-वीस मुलांची शिकवणी किंवा उन्हाळी शिबिर असेल तर मात्र बेलाशक हीच वाट धरा.

तिसरी वाट म्हणजे शिक्षकाने फळ्यावर, मुलांच्या देखत आणि त्यांना सोबत घेऊन कच्चा खर्डा लिहायचा. मी इथेच स्थिरावले. मारबतीनंतर शाळा भरली तेव्हा मी फळ्यावर फक्त ‘मारबत’ लिहिलं आणि विचारलं, ‘काय काय दिसलं?’ बडगे (मारबतीसोबत निघणारे पुतळे), ढोल, चिखल, तुटलेली चप्पल, असे बारा-तेरा मुद्दे जमले. मग मी मोठ्याने बोलत पहिलं वाक्य लिहिलं: ‘मारबत हा नागपूरचा प्रसिद्ध उत्सव आहे.’ थांबले, वाचलं, म्हटलं, ‘हे तर कोणीही लिहील. यात आपण कुठे आहोत?’ आणि खोडलं. शिक्षकाने स्वतःचं वाक्य खोडलेलं पाहून वर्ग एकदम चिडीचूप झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मले तं मारबतीचे हातच दिसले फक्त, गर्दीच तेवढी होती.’ ते वाक्य आठव्या मुद्द्यावरून उचलून सगळ्यात वर गेलं. लगेच एकीने विचारलं, ‘मग मारबत म्हणजे काय, हे केव्हा सांगायचं?’ क्रम लावणं हा टप्पा मला वेगळा शिकवावाच लागला नाही. तास संपला तेव्हा फळ्यावर पाच वाक्यं आणि सहा ठिकाणी खाडाखोड होती.

दुसऱ्या दिवशी मुलं आपापल्या वहीत लिहितात. एक ओळ सोडून, पेनाने, खोडरबर दप्तरात. तिसऱ्या तासाला बाकावरच्या जोडीदाराला वाचून दाखवायचं आणि त्याने एकच सांगायचं, कुठे डोळ्यांसमोर चित्र आलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चौथ्या तासाला. माझा लाल पेन तोवर बंद असतो. पहिल्याच खर्ड्यावर वेलांट्या सुधारून दिल्या की मूल मजकूर बदलायचं सोडून देतं आणि फक्त वेलांट्या बदलून वही परत आणतं.

बोलीचा प्रश्नही या वाटेवर नीट सुटतो. खर्ड्यात ‘मले’, ‘काहून’ खुशाल येऊ द्या. पक्कं करताना मुलांनीच ठरवायचं: निवेदन प्रमाण मराठीत, पण गर्दीतल्या आजीच्या तोंडचं ‘काहून ढकलता जी?’ तसंच ठेवायचं.

हा फक्त माझा कल नाही. अमेरिकन संशोधक जॅनेट एमिग यांनी 1971 च्या अभ्यासात बारावीच्या 8 विद्यार्थ्यांना मोठ्याने बोलत लिहायला लावलं, तेव्हा दिसलं की लिहिणारा सरळ रेषेत जात नाही, मागे-पुढे करत राहतो. ग्रॅहॅम आणि पेरिन या संशोधकांनी 2007 मध्ये घेतलेल्या अनेक प्रयोगांच्या आढाव्यात चौथी ते बारावीच्या मुलांना आखणी, पुनर्लेखन आणि संपादनाच्या युक्त्या उघडपणे शिकवल्याचा परिणाम 0.82 इतका मोठा निघाला (या मापात शून्य म्हणजे काहीच फरक नाही, आकडा जितका मोठा तितका लेखनात फायदा जास्त). कार्यशाळेसारख्या पद्धतींचा 0.32, नमुन्यांच्या अभ्यासाचा 0.25, आणि व्याकरण सुटं शिकवण्याचा तर शून्याच्याही खाली. ही बहुतेक मुलं इंग्रजीत लिहिणारी, म्हणून आकडे जसेच्या तसे आपल्या वर्गाला लावू नका. पण क्रम माझ्या अनुभवाशी जुळतो.

या वाटेची किंमतही सांगते. एका निबंधाला चार तास जातात, म्हणून वर्षात दहाऐवजी चार-पाचच निबंध होतात, आणि वह्यांची संख्या विचारणाऱ्या मुख्याध्यापकांना हे आधीच समजावून ठेवावं लागतं. दुसरा धोका असा की मुलं फळ्यावरचंच उतरवतात. म्हणून खर्डा झाला की मी फळा पुसते आणि वहीसाठी शेजारचा विषय देते. फळ्यावर मारबत झाली तर वहीत तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, आपला लाकडी बैल कोणी सजवला इथपासून.

तुमच्याकडे दहावीचा वर्ग असेल आणि दिवाळी उलटून गेली असेल, तर आता नमुनेच द्या. त्या मुलांना तेवढाच आधार पुरेल. सातवी-आठवी असेल तर जुलैत फळ्यापासून सुरू करा, आणि पहिलं वाक्य लिहून मुलांसमोर खोडायला विसरू नका.