रिकामा कप आधी काट्यावर ठेवायला सांगा

मे महिन्यात भाचीचा दहावीचा निकाल लागला. म्हणाली, "मामी, मले पेढे नाही पाहिजे. आपल्या हातानं मशीनमधून घेतेत नं, ते दही-आइस्क्रीम पाहिजे." अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात अशी दोन दुकानं झाली आहेत. एकाच्या फलकावर १०० ग्रॅमला ५० रुपये, दुसऱ्याच्या ६० रुपये. आम्ही अर्थातच पन्नासवाल्याकडे गेलो. तिथंच फसलो.

ज्यांनी ही दुकानं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कप आपणच उचलायचा, मशीनचा दांडा ओढायचा, गोठवलेल्या योगर्टची वळी कपात पडते. त्यावर काजू, चॉकलेट, फळं, पाकातली जेली हवी तेवढी घ्यायची. मग दुकानदार कप काट्यावर ठेवतो आणि वजनावर पैसे घेतो. पोरांनी जेली पाकासकट उपसली. त्या पाकालाही योगर्टचाच भाव लागतो, हे पैसे देताना लक्षात आलं. पण ती आमची चूक. फसवणूक पुढे आहे.

काट्याचा आकडा दुकानदाराच्या बाजूनं होता. तो तोंडानं सांगत गेला. चार कपांचे मिळून १०२० ग्रॅम, ५१० रुपये. मी फोनवरून पैसे दिले. बिल मागितलं नाही.

पंधरा दिवसांनी नणंद आली म्हणून दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं आधी रिकामा कप काट्यावर ठेवला, एक बटण दाबलं, आकडा शून्यावर आला, मगच भरलेला कप ठेवला. आकडा आमच्याकडे तोंड करून होता. पोरांनी तेवढेच कप, तेवढेच काठोकाठ भरले होते, पण वजन जवळजवळ दोनशे ग्रॅमनं कमी आलं. माझ्या डोक्यात तिथंच खटकलं.

आम्ही बाजारात भाजी विकतो. घरी शिक्क्याची लोखंडी वजनं आहेत. त्यातलं २०० ग्रॅमचं पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दुकानात गेले. म्हटलं, "भाऊ, हे जरा तुमच्या काट्यावर ठेवून पाहा नं." तो नाही म्हणत होता. मागे चार गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून ठेवावं लागलं. आकडा २२८. मग रिकामा कप ठेवायला लावला. काटा ५० दाखवू लागला. म्हणजे काटा मुळातच २८ ग्रॅम जास्त दाखवत होता आणि त्यात २२ ग्रॅमचा कप. दर कपामागं ५० ग्रॅमचे, म्हणजे २५ रुपये फुकट जात होते. आमचे चार कपांचे शंभर रुपये गेले. ८२० ग्रॅमला ५१० म्हणजे शंभर ग्रॅमला ६२ रुपये पडले. साठवाल्याहूनही महाग! "गर्मीनं काटा चढते ताई," असं तो म्हणाला. मग गर्मीनं तो कधी उतरत का नाही?

दिवाळीत खोक्यासकट मिठाई तोलतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथं आपण स्वतः कप भरलेला असतो, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. त्याच पहिल्या दुकानाच्या फलकावर 'शुद्ध दह्याचं' लिहिलं होतं. मी रोज म्हशीच्या दुधाला विरजण लावते. त्या कपात आंबटपणा नव्हता, टाळूला तुपकट थर मात्र बसला होता. मिश्रणाची पिशवी दाखवा म्हटलं, तर त्यावर 'फ्रोजन डेझर्ट' छापलेलं, घटकांत वनस्पती तेल. फ्रोजन डेझर्ट विकायला बंदी नाही. पण ते दही नाही, आणि दह्याच्या नावानं लेकरांना देणं मला खोटेपणा वाटतो. पिशवी दाखवायला तो तयार झाला, एवढं मात्र मी मान्य करते.

इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापन विभागाकडून, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, पडताळणी करून घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. या दुकानात ते नव्हतं, दुसऱ्यात काउंटरमागं भिंतीवर होतं. तुम्ही गेलात तर आधी भिंत पाहा, काट्याचं तोंड आपल्याकडे फिरवायला लावा, रिकाम्या काट्यावर शून्य आहे का ते पाहा. लाजू नका. मी त्या दिवशी पोरांपुढे वाद नको म्हणून गप्प बसले, त्याचंच वाईट वाटतं.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या फोन क्रमांकावर मी तक्रार केली. त्यांनी पहिल्यांदा बिल विचारलं. माझ्याकडे काट्यावरच्या २२८ आकड्याचा फोटो आहे आणि ५१० रुपये गेल्याचा फोनवरचा मेसेज आहे. पण किती ग्रॅम, काय भाव, हे लिहिलेलं काहीच नाही. तक्रार घेतली आहे, वैधमापनच्या कार्यालयातही लेखी अर्ज देऊन आले. बिल असतं तर मला एवढं समजावून सांगावं लागलं नसतं.