प्रोकॅल्सिटोनिन चाचणी: रेडिएशननंतरचा खोकला जंतूंचा की किरणांचा, हे तिच्यावरून कितपत कळतं?

फुप्फुसाच्या कर्करोगाला ३० बैठकांत ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) रेडिएशन देऊन झालं. दोन महिन्यांनी कोरडा खोकला, जिना चढताना धाप, बारीक ताप आणि एक्स-रेवर पांढरा डाग. हा न्यूमोनिया असेल तर अँटिबायोटिक लागेल, किरणांमुळे आलेली सूज, म्हणजे रेडिएशन न्यूमोनायटिस असेल तर स्टिरॉइड. इथे हमखास लिहून दिली जाते ती प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे पीसीटी, या रक्तातल्या प्रथिनाची चाचणी. सीआरपी या सुजेच्या नेहमीच्या रक्तचाचणीपेक्षा ती बरीच महाग पडते, त्यामुळे तिच्याकडून काय मिळतं ते नीट पाहायला हवं.

सीआरपीची अडचण अशी, की ते कुठल्याही सुजेत वाढतं, रेडिएशनच्याही. पीसीटी मुख्यतः जिवाणूंच्या संसर्गात वाढतं, सहा ते बारा तासांत वर येतं आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण दर २४ तासांनी निम्मं होतं. उपाशीपोटी जावं लागत नाही, रक्ताची एक नळी पुरते. ०.२५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली जिवाणूंची शक्यता कमी, ०.५ च्या वर जास्त. लक्षणं हळूहळू वाढलेली, बेडका नाही आणि पीसीटी ०.१ च्या आत, असं असेल तर रेडिएशन न्यूमोनायटिसचं पारडं जड होतं. चाचणीची खरी किंमत इथेच वसूल होते.

पण एकाच आकड्यावर निर्णय घेऊ नये. स्मॉल सेल या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रकारात, यकृतात गाठी पसरल्या असतील तर किंवा किडनी कमजोर असेल तर संसर्ग नसतानाही आकडा वर असू शकतो. अशा रुग्णाचं रेडिएशनआधीचं पीसीटी नोंदलेलं असेल तर फार मदत होते. नसेल तर २४ ते ४८ तासांनी दुसरा नमुना द्यावा आणि आकडा कुठे चाललाय ते पाहावं. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: विषाणू, बुरशी, न्यूमोसिस्टिस (प्रतिकारशक्ती कमी असताना फुप्फुसात वाढणारी एक बुरशी) आणि क्षयरोग यांत पीसीटी बहुधा कमीच राहतं. आपल्याकडे क्षयाचं प्रमाण पाहता हा या चाचणीचा सगळ्यात मोठा दोष म्हणावा लागेल. ‘पीसीटी नॉर्मल, म्हणजे संसर्ग नाही’ असं धरून स्टिरॉइड सुरू केलं आणि आत क्षय दडलेला असेल, तर तो भडकतो. स्टिरॉइडच्या आधी बेडक्याची सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणारी तपासणी हवीच. बेडका येत नसेल तर सलाइनची वाफ देऊन काढता येतो, नाहीतर ब्रॉन्कोस्कोपीनं फुप्फुस धुऊन नमुना घेतात. त्या नमुन्यात जंतू सापडले नाहीत आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असले, तर कौल न्यूमोनायटिसकडे झुकतो.

पीसीटीपेक्षा जास्त सांगणारी गोष्ट बहुतेक वेळा रेडिएशन विभागाच्या संगणकात आधीच पडून असते: डोसचा नकाशा, म्हणजे फुप्फुसाच्या कुठल्या भागाला किती किरण मिळाले त्याची नोंद. नव्या सीटी स्कॅनवर तो बसवून पाहिला, की डाग २० ग्रेच्या रेषेच्या आत आहे की बाहेर ते दिसतं. न्यूमोनायटिसची कड किरणांच्या वाटेनं जाते. फुप्फुसाच्या दोन खंडांमधली फट ओलांडून ती सरळ पुढे गेलेली दिसली, तर जंतूंकडे बोट दाखवणं अवघड. संसर्ग खंडांच्या मर्यादेत राहतो किंवा रेडिएशन न पोचलेल्या भागातही उमटतो, आणि पालवी फुटलेल्या फांदीसारखे बारीक ठिपके दिसले तर तो संशय बळावतो. दुर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं (प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागं करणारं) औषध चालू असेल तर मात्र हा नियम ढिला पडतो, कारण इम्युनोथेरपीची सूज कुठेही येऊ शकते. काळही पाहावा: न्यूमोनायटिस साधारण रेडिएशन संपल्यावर एक ते सहा महिन्यांत येतो. तिसऱ्याच आठवड्यात, उपचार चालू असतानाच ताप आला, तर आधी संसर्गच शोधावा.

पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर पीसीटीच्या रिपोर्टची वाट पाहत बसू नये; लगेच रुग्णालय गाठावं. साध्या न्यूमोनियातही, पहिलं पीसीटी कमी आलं म्हणून अँटिबायोटिक रोखू नये, असं २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात. ते केव्हा थांबवायचं हे ठरवायला मात्र उतरता आकडा चांगला आधार देतो.

एकूण मत: पीसीटी दोनदा करायची तयारी असेल आणि सीटी सोबत असेल तर करावी, एकटीच, एकदाच करणार असाल तर तो पैसा सीबीनॅट आणि सीटीकडे वळवावा. सीटीला जाताना रेडिएशन प्लॅनची सीडी मागून न्यावी. नुसत्या छापील फिल्मवर डोसच्या रेषा बसवता येत नाहीत.