दहाही सर्व्हरवर अगदी सारखा लोड दिसला, आणि मी खूश झालो

३,७२० डॉलर. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘किती गेले?’ असं विचारून कुणी जखमेवर मीठ चोळायला नको. त्यातले १,८०० एका ‘स्वतः शिकणाऱ्या’ लोड बॅलन्सरच्या (येणाऱ्या रिक्वेस्ट, म्हणजे मागण्या, सर्व्हरमध्ये वाटून देणारं सॉफ्टवेअर) वर्षभराच्या परवान्याचे, आणि १,९२० त्याच विकणाऱ्याच्या दहा सर्व्हरच्या तीन महिन्यांच्या आगाऊ भाड्याचे. आठ कोअरचे सहा सर्व्हर, चार कोअरचे चार; कोअर म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे हात.

विकणाऱ्याने नेमकी दुखरी नस धरली होती. सर्व्हर सारखे नसतात, सकाळी असतो तेवढा दम दुपारी राहत नाही, हाताने वेट (कुणाला किती वाटा, ते प्रमाण) लावून भागत नाही. आमचा बॅलन्सर दर पाच सेकंदांनी प्रत्येकाचा दम जोखतो आणि वाटा बदलतो. शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं. नऊ वर्षं सर्व्हर सांभाळतोय मी, काही कालचा पोरगा नाही. डेमोत त्यांनी एका सर्व्हरवर मुद्दाम भार टाकला आणि आलेखावर त्याचा वाटा झरझर खाली आला. तुम्हीही मान डोलावली असती. आलेख त्यांचाच होता, हे नंतर सुचतं. डेमो चालू असताना विकणाऱ्याच्या स्क्रीनकडे बघूच नका, सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या रिक्वेस्टची नोंदवही, उघडून बसा.

आता जे लिहितोय ते लिहिताना कान गरम होतात. दुसऱ्याच आठवड्यात मी लॉग मोजले होते. दिवसभरात एका सर्व्हरवर ३१,४२,२०६ रिक्वेस्ट, दुसऱ्यावर ३१,४२,२०७, तिसऱ्यावर परत ३१,४२,२०६. दहाही सर्व्हर एका रिक्वेस्टच्या फरकात! आणि मी काय केलं? साहेबांना पाठवलेल्या अहवालात लिहिलं, ‘लोडचं वाटप अत्यंत समतोल आहे.’ अरे, आठ कोअरच्या आणि चार कोअरच्या मशीनला सारखाच घास मिळतोय, यात समतोल कसला? दम जोखणारा बॅलन्सर असता तर हे आकडे वाकडेतिकडेच यायला हवे होते. पुरावा माझ्या हातात होता आणि मी त्याची तारीफ करत होतो.

हिशेब साधा आहे. आमच्या कामात आठ कोअरचा सर्व्हर सेकंदाला ४०० रिक्वेस्ट ओढतो, चार कोअरचा २००. एकूण दम ३,२००. पण सगळ्यांना सारखं वाटलं की २,००० वरच छोटे चारही गळ्यापर्यंत भरतात. म्हणजे १,२०० चा दम पैसे मोजून नुसता पडून.

गर्दीच्या दिवशी सेकंदाला २,१०० रिक्वेस्ट आल्या. छोटे गुदमरले, हेल्थ चेकने (सर्व्हर जिवंत आहे का हे बघत राहणारी तपासणी) त्यांना बाहेर काढलं, सगळा भार मोठ्या सहांवर गेला. प्रत्येकी ३५०. कागदावर हे पेलायला हवं होतं. पण तेही कोसळले, कारण ‘तुमचेच, राखीव’ म्हणून विकलेले कोअर शेजाऱ्यांना, म्हणजे त्याच मशीनवरच्या इतर ग्राहकांना, वाटलेले होते. टॉप कमांडमध्ये स्टील टाइम (आपल्याला हवा असताना प्रोसेसरचा जो वेळ दुसऱ्यांकडे गेला तो) बघितला: ३८ टक्के. आठ कोअरचे पैसे भरून पाचच्या आत मिळत होते. रात्री हाच आकडा २ टक्के असायचा, आणि डेमो कधी दाखवला होता? रात्रीच. स्टीलचा रकाना भर दुपारी बघा, आणि एकदा नाही, आठवडाभर.

सेवा ४७ मिनिटं बंद. स्क्रीनवर एकच ओळ: ‘नो सर्व्हर इज अव्हेलेबल टू हँडल धिस रिक्वेस्ट.’ ही ओळ मी ओळखतो. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरचा ५०३ (‘सेवा उपलब्ध नाही’) एररचा ठरलेला मजकूर आहे तो. म्हणजे मला विकलेला बॅलन्सर आतून एचएप्रॉक्सीच. २००१ पासून फुकट मिळणारं, उत्तम सॉफ्टवेअर. त्याचा यात काही दोष नाही. कॉन्फिग (त्याची सेटिंगची फाइल) उघडली तर राउंड रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने सगळ्यांना एकेक, आणि एकाही सर्व्हरपुढे वेट लिहिलेलं नाही. डॅशबोर्डवर नाचणारे आकडे निव्वळ सजावट. एक सर्व्हर मी मुद्दाम बंद करून ठेवला, तरी त्याचं ‘वेट’ दर पाच सेकंदांनी बदलतच होतं! ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. पैसे देण्याआधी घ्या.

सगळ्यात संतापजनक म्हणजे जे ते विकत होते ते एचएप्रॉक्सीत आहेच. एजंट चेक लावला की सर्व्हर स्वतःच कळवतो, ‘आत्ता मला निम्मंच द्या.’ मी आधी वाचलं असतं तर १,८०० वाचले असते. असो.

तक्रार केली. आधी म्हणाले, तुमचं ॲप्लिकेशन संथ आहे. मग ‘सुधारणा’ म्हणून पद्धत बदलून लीस्ट कनेक्शन्स केली, म्हणजे ज्याच्याकडे चालू जोडण्या कमी, त्याला पुढची रिक्वेस्ट. आठवडाभरात एका सर्व्हरची डिस्क भरली, तो दोन मिलिसेकंदांत ‘५००’ क्रमांकाचा एरर (सर्व्हरमध्ये बिघाड) फेकायला लागला, त्यामुळे कायम मोकळा दिसायचा, आणि सगळी गर्दी त्याच्याचकडे! हेल्थ चेक फक्त पोर्ट (जोडणीचं दार) उघडा आहे का एवढंच बघत होता, म्हणून डॅशबोर्डवर हिरवागार.

कोअर कुठे गेले विचारलं तर डेटा सेंटरकडे बोट. डेटा सेंटर म्हणालं, तुम्ही आमचे ग्राहक नाही. बँकेत डिस्प्यूट टाकला, १४ पानी पुरावा जोडला. उत्तर आलं की सर्व्हर चालू होते, म्हणजे सेवा मिळाली. कशी मिळाली, ते विचारायचं नाही. सायबर तक्रारीच्या फॉर्मवर माझ्या प्रकाराला रकानाच नव्हता. तिथल्या माणसाने विचारलं, ‘ओटीपी सांगितला का कुणाला?’ नाही. ‘पासवर्ड गेला?’ नाही. ‘मग फसवणूक कसली? माल आवडला नाही म्हणा.’ मी त्याला स्टील टाइम समजावायला बसलो, कागदावर मशीन काढून, शेजारी काढून. त्याने चहा मागवला, स्वतःपुरता. ग्राहक तक्रार कक्षाने पत्र घेतलं आणि सहा आठवड्यांनी कळवलं की बाब ‘तांत्रिक’ असल्याने विक्रेत्याशीच संपर्क साधावा. विक्रेत्याशी!

करारात ‘राखीव कोअर’ हे शब्दच नव्हते, फक्त ‘आठ व्हीसीपीयू (आभासी कोअर) पर्यंत’. ‘पर्यंत’ दिसलं की पेन खाली ठेवा.

मागच्या सोमवारी तिकीट ‘निकाली’ म्हणून बंद झालं. खात्यात १६० डॉलरची ‘सदिच्छा’ जमा आहे. फक्त त्यांच्याच सर्व्हरवर वापरता येते, आणि मुदत ९० दिवस.