बाटली घासायचा ब्रश: सगळा खेळ टोकाचा

दिवाळीच्या आधी ऑनलाइन मागवलेल्या बाटली-ब्रशच्या संचातल्या मोठ्या ब्रशचं टोक गेल्या महिन्यात निखळलं. टोक म्हणजे तारेच्या शेवटावर चिकटवलेली प्लास्टिकची छोटी टोपी. ती सासूबाईंच्या हिरव्या काचेच्या फुलदाणीत पडली आणि उघडी तार बुडावर कर्रकन ओढली गेली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की वापराने असं होणारच, हे वॉरंटीत बसत नाही. पुन्हा लिहिलं. मग पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. ज्या ब्रशने काच ओरखडली तोच ब्रश परत घ्यायला कूपन! मला पैसे परत हवे होते, ते आजतागायत मिळालेले नाहीत. रक्कम मोठी नाही, पण म्हणून सोडून द्यायची का?

संचात स्ट्रॉसाठीचा बारीक, स्पंजवाला आणि मोठा नायलॉनचा असे ब्रश आहेत, जास्त वर्णनात वेळ घालवत नाही. स्ट्रॉसाठीचा बारीक ब्रश उत्तम, तेलाच्या बाटलीच्या तोटीत तो बरोबर जातो. स्पंजवाला अरुंद गळ्यातून आत जात नाही, कोंबला तर बाहेर येताना फाटतो, आणि दमट हवेत कुबट वास मारायला लागतो. मला बोलायचंय ते मोठ्या, लांब दांड्याच्या नायलॉनच्या ब्रशबद्दल, आणि त्यातही त्याच्या टोकाबद्दल.

हे ब्रश बनतात कसे ते पाहा. दोन तारांच्या मधे नायलॉनचे केस ठेवून तारांना पीळ देतात, की केस गोलाकार उभे राहतात. मग तार कापतात. हे कापलेलं टोक धारदार असतं, त्याचं काय करायचं यावरच ब्रशची लायकी ठरते. नीट बनवलेल्या ब्रशात टोकाशी तार दुमडलेली असते, कापलेली दोन्ही टोकं दांड्यात जातात, आणि पुढे केसांचा दाट झुबका सोडलेला असतो. म्हणजे काचेला आधी केस लागतात. माझ्या ब्रशात मात्र कापलेल्या टोकावर टोपी बसवली होती, तीही नुसत्या डिंकासारख्या कशाने तरी. गरम पाण्यात रोज बुडवल्यावर ती सुटणार नाही तर काय होणार?

आता बाटलीत घाण बसते कुठे? बुडाच्या कडेला, जिथे तळ आणि भिंत मिळतात त्या खाचेत. म्हणजे ब्रश दाबून फिरवायचा तो नेमका तिथे, आणि सगळा जोर येतो टोकावर. बाजूचे केस कितीही मऊ असोत, गळ्यात सुळकन जावोत, टोक उघडं असेल तर त्यांचा उपयोग शून्य. माल दाखवणाऱ्या फोटोंमध्ये दांड्याची पकड दाखवतात, रंग दाखवतात, अडकवायचं भोक दाखवतात. टोकाचा जवळून काढलेला फोटो मी शोधून शोधून थकले.

फुलदाणीच्या बुडावर दोन प्रकारच्या रेघा आल्या. काही राखाडी होत्या, पेन्सिलीने ओढल्यासारख्या. त्या तारेवरच्या जस्ताच्या मुलाम्याच्या असणार, कारण लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर निघून गेल्या. बाकीच्या तशाच राहिल्या, आतून बोट पोचत नाही पण उजेडात धरलं की चमकतात. ते खरे ओरखडे. कुणी म्हणेल, बुडाला आहेत, दिसतात कुणाला. दिसण्याचा प्रश्नच नाही. काच फुटते ती ओरखड्यापासून. ताण आला की तो खाचेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर तिथून सुरू होते. अशा भांड्यात एखाद्या दिवशी चुकून कडक पाणी ओतलं गेलं तर बूड सुटून हातात येईल. साध्या सोडा-लाइम काचेचं उष्णतेने होणारं प्रसरण बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेच्या, जवळजवळ तिप्पट असतं. फुलदाण्या आणि सरबताच्या बाटल्या साध्याच काचेच्या असतात.

तारेला गंजही चढला. मुलामा उडाला की आतलं लोखंड उघडं पडतं. ओट्यावर ब्रश उभा ठेवला की सकाळी खाली तपकिरी ठिपका. त्याच ब्रशने पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या घासायच्या, हे मला पटत नाही.

या सगळ्यावर उपाय सुचवला भाचीने. ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते. म्हणाली, ‘मावशी, आमच्या लॅबमध्ये टेस्ट ट्यूब ज्याने घासतो तो ब्रश घे ना. त्याच्या टोकाला केसांचा गोंडा असतो, नाहीतर सगळ्या नळ्यांची बुडं फुटली असती.’ प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले, तर तिथे ब्रशांचा अख्खा खण. टेस्ट ट्यूबचा, फ्लास्कचा, बुरेटचा (द्रव मोजायच्या लांब काचेच्या नळीचा) लांबलचक बारीक. फ्लास्कचा मान वाकवता येणारा ब्रश हातात घेऊन टोकावर अंगठा दाबून पाहिला, तार लागली नाही. दुकानदाराने स्वतःहून सांगितलं की तार स्टेनलेस हवी असेल तर थोडे जास्त पडतील. दिले. तरीही त्या रंगीत संचाच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. घरी आणून पहिल्या दिवशी कोकम सरबताच्या जुन्या बाटल्या काढल्या, गळा इतका अरुंद की त्यात करंगळी जात नाही. मान किंचित वाकवून ब्रश आत सोडला आणि बाटलीचा खांदा, जिथे आजवर काहीच पोचलं नव्हतं, तो आतून पुसून निघाला. मला खरंच आनंद झाला. इतक्या वर्षांत स्वयंपाकघरातल्या कुठल्या वस्तूने असं समाधान दिलं नव्हतं.

एक सांगायला हवं: ब्रश बाहेर ओढताना गळ्यात दाबलेले केस एकदम सुटतात आणि तोंडावर फवारा उडतो. बाटलीचं तोंड सिंकच्या आत, पलीकडच्या बाजूला करूनच ब्रश काढा.

पण ब्रश कितीही चांगला असला तरी आमच्याकडच्या पांढऱ्या थरापुढे त्याचं चालत नाही. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकर. गेल्या वर्षी पाणी तपासून घेतलं तेव्हा एकूण कठीणपणा (विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) लिटरला साडेपाचशे मिलिग्रॅमच्या घरात निघाला. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे स्वीकारार्ह मर्यादा 200, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600. म्हणजे कागदावर चालतं, काचेवर मात्र चार दिवसांत साय धरते. फुलदाणीत पाणी आटत जातं तशी एकाखाली एक वलयं पडतात. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. तो घासून निघत नाही, तो आम्लात विरघळवायचा असतो. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्व घालून भांडं काठोकाठ भरून रात्रभर ठेवायचं. थोड्या वेळात भिंतीवर बारीक बुडबुडे उमटून वर जायला लागतात, तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे दिसले म्हणजे थर क्षाराचाच आहे, खात्री पटली. सकाळी ब्रश फक्त एकदा फिरवायचा.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतायचा जो उपाय सगळीकडे सांगतात, त्याची मला मनापासून चीड आहे. फेस बघून वाटतं की काय काम चाललंय! पण आम्ल आणि सोडा एकमेकांनाच संपवतात आणि मागे राहतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने ना क्षार निघतो ना तेल. पैसे दोन्हींचे जातात. क्षाराला नुसतं आम्ल द्या, तेलाला नुसता सोडा. आणि आम्लाच्या पाण्यात ब्लीच कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

तेलाची बाटली हे वेगळंच प्रकरण. आमच्याकडे करडईचं तेल, आणि ते हवेशी संयोग पावून घट्ट होतं. बाटलीच्या आतून पिवळा चिकटा धरतो, त्याला लिंबूसत्व लावणं व्यर्थ. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून, पाणी हाताला सोसेल इतपत निवल्यावर, हातमोजे घालून भरायचं. तासाभराने चिकटा सुटून पापुद्र्यांसारखा वर येतो. मग साबण आणि ब्रश. सोड्याचं पाणी दिवसरात्र काचेत ठेवू नका, अल्कली काच खाते आणि कायमचा धूसरपणा येतो. तसा धूसरपणा आला आहे का हे बघायचं तर कोरड्या काचेवर आम्लाचा एक थेंब ठेवा. डाग गेला तर क्षार, नाही गेला तर काचच झिजली आहे, त्यावर पैसे घालवू नका. आमच्या घरातली एक फुलदाणी अशीच आहे. ती आता लाकडी चमच्यांसाठी.

स्टीलच्या मण्यांबद्दल, म्हणजे भांड्यात पाण्याबरोबर फिरवून आतून घासायच्या बारीक गोळ्यांबद्दल, माझं मत बदललं. संचाबरोबर एक पुडी फुकट आली होती. सुरुवातीला मी लिहून ठेवलं होतं की मुठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी हेच काम करतं, मणी घेऊ नयेत. साध्या बाटलीसाठी अजूनही तेच म्हणेन. पण फुगीर पोटाच्या आणि लांब गळ्याच्या सुरईत कुठलाच ब्रश बाजूच्या भिंतीला टेकत नाही, आणि तांदूळ हलका, तो पाण्याबरोबर नुसता फिरतो. तिथे मणी वजनाने कामाला येतात. पाणी अगदी दोन बोटं घ्यायचं, भांडं तिरपं धरून गोल फिरवायचं, आपटायचं नाही. निशिगंधाचे दांडे कुजून बुडाला जो बुळबुळीत थर बसतो तो यांनी साफ निघाला. खांद्यापर्यंत मात्र ते पोचत नाहीत, ते काम वाकड्या मानेच्या ब्रशचंच. आणि ओतताना खाली गाळणी धरा, नाहीतर मणी थेट मोरीत. वापरल्यावर फडक्यावर पसरून वाळवायचे. तरीही माझ्या पुडीतल्या काही मण्यांवर गंजाचे डाग आले, तेव्हा ते स्टेनलेस असल्याचा दावा मला मान्य नाही.

वाळू किंवा रांगोळी घालून बाटली खळबळवायची जुनी पद्धत सासूबाई सांगतात. पितळेला ती ठीक. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं, कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर क्वार्ट्झ 7 आणि काच साडेपाचच्या आसपास, त्यामुळे ओरखडे येणारच. तांदळाने ते येत नाहीत.

वाळवणं हाही मोठा भाग आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. उलटी ठेवलेली बाटली आत घाम धरते आणि कठीण पाण्याचे ठिपके पुन्हा उमटतात. शेवटची विसळणी आरओच्या पाण्याने करा, आणि जुन्या मलमलच्या पंचाची लांब पट्टी वातीसारखी अर्धी आत, अर्धी बाहेर सोडा. सकाळपर्यंत पट्टी ओल ओढून घेते.

मनीप्लँटच्या बाटल्यांना हिरवं शेवाळ उजेडामुळे येतं. वेली मी तपकिरी बाटल्यांमध्ये हलवल्या आणि आता बाटल्या क्वचितच घासाव्या लागतात.

जुना ब्रश कापून टाकला, दांडा मात्र मजबूत होता म्हणून खिडकीच्या जाळ्या झाडायला ठेवला आहे. विक्रेत्याकडे तक्रार अजून उघडी आहे, कूपन मी घेतलेलं नाही. बुरेटचा लांब ब्रश तेवढा अजून आणलेला नाही. कुणी तो अत्तराच्या किंवा तेलाच्या बाकदार नळीत घालून पाहिला असेल तर टोकाला गोंडा टिकतो का, ते जरूर सांगा.