रोटाव्हॅक की रोटासिल?

तालुक्याच्या गावी लसीकरण सुरू करणाऱ्या एका डॉक्टर मित्राला रोटाव्हायरसच्या (बाळांना तीव्र अतिसार करणाऱ्या विषाणूच्या) या दोन भारतीय लसींपैकी कोणती ठेवावी, हे ठरवता येत नव्हते. दोन्ही तोंडावाटे, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना द्यायच्या, आणि दोघींना २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता (दर्जा तपासून दिलेली मान्यता) मिळालेली; त्यामुळे वेळापत्रकाचा प्रश्नच नव्हता. (पुढे आलेली सुधारित रूपे येथे धरलेली नाहीत.)

खरा फरक साठवणुकीत आहे. हैदराबादच्या भारत बायोटेकची रोटाव्हॅक दीर्घकाळ ठेवायची तर उणे २० अंशांवर गोठवून साठवावी लागते, पण देताना पाच थेंब टाकले की काम झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही कोरडी भुकटी असून ती साध्या लसफ्रिजमध्ये टिकते. मात्र द्रावण मिसळून अडीच मिलिलिटर मात्रा रडत्या बाळाच्या तोंडात सोडणे, तीही बाहेर रांग असताना, हे सोपे नव्हे.

परिणामकारकतेचे आकडे जपून वाचावेत. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र अतिसाराविरुद्ध रोटाव्हॅक भारतात सुमारे ५५ टक्के, तर रोटासिल नायजरमध्ये सुमारे ६७ आणि भारतात सुमारे ३६ टक्के परिणामकारक ठरली. पण चाचण्यांची ठिकाणे आणि निकष वेगळे असल्याने यावरून क्रम लावणे मला पटत नाही.

डीप फ्रीझरची खात्री आणि मोठी गर्दी असेल, तर रोटाव्हॅक सोयीची. वीज बेभरवशाची आणि बाळे मोजकी असतील, तर रोटासिल घ्यावी.