मूर्तीचा डोळा की राक्षसाची झुंज?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे एकेक पात्र घेऊन, मिळून साहसकथा रचत खेळायचा खेळ. त्याच्या खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकाची दोन मुखपृष्ठं शेजारी ठेवली, तर माझं मत जुन्यालाच. एक १९७८चं, डेव्हिड ट्रॅम्पियरचं. दुसरं २०१४चं, टायलर जेकबसनचं.

ट्रॅम्पियरच्या चित्रात लढाई उरकली आहे. सरडेमानव मरून पडलेत, आणि दोघे चोर भल्यामोठ्या मूर्तीवर चढून तिचा रत्नाचा डोळा उचकटताहेत. नायक असा कुणीच नाही. डोळा निघाल्यावर मूर्ती जागी झाली तर? ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं. चित्र मागच्या बाजूलाही पसरलंय, त्यामुळे पुस्तक उघडून पालथं ठेवलं की प्रसंग आणखी मोठा होतो. रेखाटन जरा ओबडधोबड आहे, पण तेव्हा कोवळ्या वयात असलेल्या या खेळाला ते शोभतंही.

जेकबसनचं कसब निर्विवाद सरस. प्रकाश, वेग, रंग, सगळंच. अग्निराक्षसांचा राजा अंगावर येतोय आणि एक जादूगारीण त्याच्यावर झेपावते आहे. दुकानातल्या फळीवर लांबून नजर याच्यावरच जाईल. लोगोही ठसठशीत. फक्त इथला सगळ्यात रंगतदार क्षण चित्रकारानेच खेळून टाकलाय. बघणाऱ्याने टाळ्या तेवढ्या वाजवायच्या. अगदी नवख्याला भेट द्यायची असेल, तर मात्र मीही २०१४चंच उचलेन.